जैतापूरची ती फ्रेंच कंपनी, ईडीएफ, नक्की आहे कोण?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. माझं माहेर नाटे गावाजवळ, नोकरी रत्नागिरीत, एका सीएकडे अकाउंट्स बघते. या गणपतीत घरी गेले होते तेव्हा पडवीत जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला. काका म्हणाले फ्रान्सवाले येणार नि प्लँट चालवणार, चुलत भाऊ म्हणाला अरेव्हा कंपनी येणार, शेजारचे म्हणाले एन्रॉनसारखंच होणार. इतकी वर्षं आपण बाजूने-विरुद्ध भांडतोय आणि समोर कोण आहे तेच आपल्याला धड माहीत नाही हे मला खूप लागलं. अरेव्हाचा अणुभट्ट्यांचा धंदा तर २०१७ संपता संपता ईडीएफकडे गेला, म्हणजे भाऊ ज्या कंपनीचं नाव घेत होता ती या व्यवहारात आता राहिलेलीच नाहीये. मग सुट्टी संपल्यावर महिनाभर रोज रात्री थोडं थोडं करून वाचलं, ताळेबंद वगैरे वाचायची सवय आहेच, ते इथे लिहितेय. प्रकल्प हवा की नको हा वाद कृपया पहिल्याच प्रतिसादात काढू नका, आधी कंपनी समजून घेऊया.

ईडीएफ म्हणजे इलेक्ट्रिसिते द फ्रान्स. आपल्याकडे जसं 'बोर्ड' तशी ती तिकडे, फक्त पूर्ण देशाची. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये वीज बनवणाऱ्या, वाहून नेणाऱ्या, वाटणाऱ्या शेकड्यांनी खाजगी कंपन्या होत्या. ८ एप्रिल १९४६ ला कायदा करून त्या बहुतेक सगळ्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि ही एक कंपनी केली. तो कायदा मांडणारे मंत्री मार्सेल पॉल, कम्युनिस्ट, स्वतः वीज कामगार संघटनेतले आणि नाझींच्या बुखनवाल्ड छावणीतून जिवंत परतलेले. त्यामुळे सुरुवातीपासून या कंपनीत युनियन फार ताकदवान, आणि वीज ही देशाची गोष्ट आहे, दुकानातला माल नाही, ही भावना तिथल्या लोकांत खोल आहे.

पण सरकारी म्हणजे मऊ असं समजू नका. आल्प्समध्ये तीन्य नावाचं गाव होतं, ईडीएफच्या धरणासाठी १९५२ मध्ये ते पाण्याखाली गेलं. लोक शेवटपर्यंत घरं सोडत नव्हते, पोलीस आणून बाहेर काढले. हे वाचताना मला कोयनेचंच आठवलं.

पुढे १९७३ ला तेलाचे भाव चौपट झाले. फ्रान्सकडे तेल नाही, कोळसा संपत आलेला. १९७४ मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांनी ठरवलं की वीज अणूवरच करायची, आणि ईडीएफने पुढच्या पंधराएक वर्षांत एकामागून एक अशा पन्नासवर भट्ट्या बांधल्या. आज ५७ आहेत आणि देशाची साधारण दोन तृतीयांश वीज त्यातून येते. यातलं धंद्याचं गुपित बघा, एकाच नमुन्याच्या भट्ट्या परत परत बांधल्या, तेच कामगार, तेच कारखाने, म्हणून खर्च आवाक्यात राहिला. नव्वदीनंतर बांधणं जवळजवळ थांबलं, हात बसलेली माणसं रिटायर झाली, आणि आपल्याकडे जी भट्टी आणायचं म्हणतायत ती ईपीआर, म्हणजे मोठ्या भट्टीचा नवा नमुना, ती बांधकामातल्या या खंडानंतरची आहे. सगळं दुखणं इथून सुरू होतं पण ते पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, जेवायला बोलावतायत.

निवृत्त_वायरमन

ताई चांगला विषय काढलात. मी चिपळूणचा, बोर्डात ३१ वर्षं काढली. एन्रॉनसारखंच होणार म्हणणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण ते आम्ही डोळ्यासमोर बघितलंय. ज्यांचा जन्म नंतरचा त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुहागर तालुक्यात अंजनवेलला तो प्लँट, नाव दाभोळ पॉवर कंपनी, त्यात मोठा हिस्सा एन्रॉनचा आणि सोबत जनरल इलेक्ट्रिक नि बेक्टेल. १९९३ च्या डिसेंबरात बोर्डाशी करार झाला. ९५ साली युती सरकारने तो रद्द केला आणि ९६ ला परत वाटाघाटी करून चालू केला. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, मे १९९९ ला सुरू, नाफ्त्यावर. मे २००१ ला बंद. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. पुढे २००५ ला एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस कंपनी काढली तेव्हा कुठे प्लँटला मालक मिळाला.

लोक म्हणतात वीज महाग होती म्हणून बुडालं. अर्धंच खरं. खरी मेख अशी की वीज घ्या नाहीतर घेऊ नका, प्लँट तयार आहे ना, मग त्याचा ठरलेला आकार बोर्डाने भरायचाच. हिशोब डॉलरमध्ये आणि इंधनाचा भाव वाढला तर तोही आपल्याच बिलात. म्हणजे रुपया पडला बोर्ड भरणार, तेल वाढलं बोर्ड भरणार, मागणी कमी झाली तरी बोर्ड भरणार. आणि बोर्डाने नाही भरलं तर राज्याची हमी, वर केंद्राची हमी. म्हणून माझा प्रश्न एकच, कंपनी चांगली का वाईट ते राहू दे, या ईडीएफच्या कागदात जोखीम कोणाच्या खात्यावर टाकलीय?

खाडीपलीकडची

काका, अगदी त्याच प्रश्नावर मी अडकले होते. उत्तर एन्रॉनपेक्षा वेगळं आहे, पण निर्धास्त व्हावं असं नाही.

एन्रॉन प्लँटची मालक होती आणि बोर्डाला वीज विकत होती. जैतापुरात ईडीएफ मालक नाहीच. मालक एनपीसीआयएल, म्हणजे आपल्या केंद्र सरकारची कंपनी, प्लँट चालवणारही तीच. २०१८ च्या मार्चमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन आले होते तेव्हा जो करार झाला त्यात ईडीएफचं काम ठरलं ते असं की तंत्रज्ञान द्यायचं, पहिल्या दोन भट्ट्यांचं इंजिनीअरिंग आणि मोठ्या यंत्रांची खरेदी करून द्यायची, बाकी चार भट्ट्यांत यातलं काही काम इथल्या कंपन्यांकडे जाऊ शकतं. आणि एप्रिल २०२१ ला त्यांनी पक्का तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला तेव्हा त्यांनी स्वतःच उघड सांगितलं की आम्ही यात पैसे गुंतवणार नाही आणि बांधकामाची जबाबदारीही आमची नाही. हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझे घरचे काका म्हणाले होते ना पडवीत, फ्रान्सवाले चालवणार, ते चुकीचं आहे.

आता असं का? हे कळायला फिनलंडला जावं लागतं. तिकडे ओल्किलुओतो म्हणून ठिकाण आहे, समुद्रकाठीच. तिथल्या कंपनीने अरेव्हा आणि सीमेन्स यांच्याकडून पहिली ईपीआर घेतली, करार उक्ता, साधारण ३ अब्ज युरोत किल्ली हातात. काम २००५ ला सुरू झालं आणि नियमित वीज कधी, तर एप्रिल २०२३. किंमत उक्ती असल्यामुळे वाढलेल्या खर्चाचा मोठा भार अरेव्हावर पडला आणि ती कंपनी मोडकळीला आली. फ्रेंच सरकारने मग तिचे तुकडे केले आणि भट्ट्यांचा भाग फ्रामाटोम नावाने ईडीएफच्या गळ्यात घातला, साडेपंचाहत्तर टक्के हिस्सा. जैतापूरची बोलणी २००९ पासून अरेव्हा करत होती, ती ईडीएफकडे आली ती अशी. घरातल्या एका भावाचं कर्ज दुसऱ्याने उचलावं तसं झालं ते.

माझा अंदाज असा की हे सगळं पोळून निघाल्यावर ईडीएफ कुठेच उक्ता करार करायला तयार नाही. काम लांबलं, खर्च वाढला तर तो बोजा मालकावर, म्हणजे आपल्या एनपीसीआयएलवर, म्हणजे आपल्यावरच. म्हणून काका, जोखीम डॉलरवाल्या बिलातून नाही येणार, ती बांधकामाच्या वर्षांतून येईल.

ल्योंचा_गुहागरकर

मी अंजनवेलजवळचाच, आता १२ वर्षं फ्रान्समध्ये, ल्योंला. ईडीएफचा ग्राहक आहे म्हणून थोडी भर घालतो. इथे वीज जोडणी घेताना दुसऱ्या कंपन्या पण असतात, बाजार २००७ पासून घरगुती ग्राहकांना खुला आहे, तरी बहुतेक लोक अजून ईडीएफच्या सरकारी दरावरच असतात. तारा आणि मीटर एनेदीस नावाच्या तिच्याच उपकंपनीचे. रात्रीचा दर स्वस्त असतो, आमचा पाण्याचा बंब रात्रीच आपोआप चालू होतो. त्याचं कारण पण अणुवीजच, भट्टी रात्री बंद करता येत नाही तशी सहज, मग रात्रीची वीज खपवायला त्यांनी घरोघर बंब नि विजेचे हीटर बसवायला लावले. स्मार्ट मीटर आले तेव्हा इथेही गावागावांत विरोध झाला, अगदी आता आपल्याकडे चाललाय तसाच.

२०२२ चं सांगायलाच हवं. त्या वर्षी काही भट्ट्यांच्या पाइपांत बारीक तडे सापडले, तपासणीसाठी एकावेळी निम्म्याच्या आसपास भट्ट्या बंद. युक्रेन युद्धामुळे बाजारात विजेचे भाव भडकलेले आणि नेमकी ईडीएफकडे विकायला वीज नाही, उलट स्वतःच महाग वीज विकत घ्यायची वेळ. त्यात तेव्हा नियम असा होता की ईडीएफने आपल्या अणुविजेचा ठरावीक वाटा प्रतिस्पर्धी कंपन्यांना ४२ युरो मेगावॅट-तासाने द्यायचीच, आणि त्या वर्षी सरकारने तो वाटा अजून वाढवला, का तर लोकांची बिलं वाढू नयेत. वर्षअखेर तोटा १७.९ अब्ज युरो. मला बिलात जी सवलत मिळाली ती या तोट्यातून मिळाली हे मी विसरू शकत नाही. जून २०२३ ला सरकारने उरलेले शेअर १२ युरोने विकत घेऊन कंपनी परत शंभर टक्के सरकारी केली. २००५ ला जेव्हा शेअर बाजारात आणली होती तेव्हा सामान्य माणसाला ३२ युरोला दिला होता. माझ्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा कंपनीतून रिटायर झालेले, त्यांनी तेव्हा घेतले होते, फार हळहळतात.

म्हणून एक सांगतो, ईडीएफ म्हणजे फ्रान्स सरकार. तिच्याशी बोलताना तुम्ही कंपनीशी बोलत नसता. एन्रॉन बुडली तशी ही बुडणार नाही, पण तिचे निर्णय पण नफ्यातोट्यावर होत नाहीत, पॅरिसच्या गरजेवर होतात.

रापणकर_गिर्ये

माका एकच इचारूचा आसा. ह्या गरम पाणी समुद्रात सोडतले म्हणतत, तेचा काय? बांगडो नि तारली तिकडसून गेली तर आमी खंय जावचा?

सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. विजयदुर्गाच्या अलीकडे आमची वस्ती, प्रकल्पात आमची जमीन जात नाही म्हणून आम्ही कुठल्याच यादीत नाही, पॅकेज नाही, काही नाही. ज्यांची सड्यावरची जमीन गेली त्यांना २०१३ ला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख जाहीर झाले. पण ज्याचा समुद्र जातो त्याला हेक्टरी काय? आमचा सातबारा कुठे असतो? फ्रान्समध्ये ही कंपनी मच्छीमारांशी कशी वागते ते कोणी सांगेल का?

ल्योंचा_गुहागरकर

दादा, तुमचा प्रश्न इथे पण जुना आहे. समुद्रकाठच्या त्यांच्या भट्ट्या नॉर्मंडी आणि उत्तर किनाऱ्यावर आहेत. ग्राव्हलीनला सहा भट्ट्या, तिथून निघणारं कोमट पाणी वापरून शेजारी माशांची शेती चालते, ते लोक कायम दाखवतात. पण तिथलं पाणी मुळात थंड, आपला समुद्र आधीच उबदार, त्यामुळे तिकडचं उदाहरण जसंच्या तसं इकडे लावू नये असं मला वाटतं. नदीकाठच्या भट्ट्यांना तर उन्हाळ्यात नदीचं पाणी ठराविक तापमानाच्या वर गेलं की उत्पादन कमी करावं लागतं, रोन आणि गारोन नदीवर हे जवळजवळ दर उन्हाळ्यात होतं. म्हणजे मर्यादा आहे, मोजणी आहे, आणि मर्यादा ओलांडली तर भट्टी खाली आणतात.

आणि उलटंही होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्राव्हलीनला जेलीफिशचे थवेच्या थवे पाणी ओढायच्या गाळण्यांत अडकले आणि चार भट्ट्या आपोआप बंद पडल्या. आपल्याकडे जेलीफिश किती येतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

खाडीवाल्यांसाठी अजून एक. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात रांस नदीच्या मुखावर ईडीएफचं भरती-ओहोटीवर चालणारं वीजकेंद्र आहे, १९६६ पासून, २४० मेगावॅट. इंधन नाही, धूर नाही. पण बांधताना तीन वर्षं खाडीचं तोंड बंद ठेवलं होतं आणि आतलं बरंच जीवन मेलं, नंतर हळूहळू परत आलं पण पहिल्यासारखं नाही, गाळाचा त्रास अजून आहे. मी स्वतः जाऊन पाहिलंय, पुलावर उभं राहिलं की खालून पाणी कसं ओढलं जातं ते बघून मला आपली दाभोळची खाडीच दिसत होती.

खाडीपलीकडची

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी दिली तेव्हा ३५ अटी घातल्या होत्या आणि गरम पाणी हा त्यातला मोठा विषय. म्हणजे समुद्राच्या पाण्याचं तापमान कोण मोजणार, कुठे मोजणार, आणि मोजलेलं रोज गावाला दिसणार का, हे ईडीएफला नाही, एनपीसीआयएलला आणि पर्यावरण खात्याला विचारायचं.

आणि मच्छीमारांशी कशी वागते विचारलंत म्हणून प्लोगॉफचं सांगते. ब्रिटनीच्या अगदी पश्चिम टोकाला कड्यावरचं मच्छीमार नि खलाशांचं गाव. ईडीएफला तिथे भट्ट्या हव्या होत्या. १९८० मध्ये जानेवारीअखेर ते मार्चपर्यंत सहा आठवडे सरकारी जनसुनावणी चालली. गावाने कागदपत्रं जाळली, मग सरकारने गाड्यांत फिरती कचेरी आणली, सोबत पोलीस. पुरुष बोटीवर असायचे म्हणून रोज संध्याकाळी बायाच पोलिसांसमोर उभ्या राहायच्या, म्हाताऱ्या बायासुद्धा. १९८१ ला मित्तराँ अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि प्रकल्प रद्द. वाचताना मला साखरी नाट्याच्या बाया दिसत होत्या. २०११ च्या एप्रिलात आमच्याकडे प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, एक तरुण गेला, तेव्हा मी बारावीत होते. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती.

कलमांची_बाग

सगळं वाचतोय. मी प्रकल्पाच्या बाजूचा आहे आणि ते लपवत नाही. आंब्यावर पोट भरत नाही आता, फवारणीचा खर्च, अवकाळी, थ्रिप्स, माझी दोन्ही मुलं मुंबईला एका खोलीत राहतात. त्यांनी इथेच कमवावं असं मला वाटलं तर त्यात काय चूक? ताईंनी प्लोगॉफ सांगितलं, मी फ्लामानव्हिल सांगतो, मी पण वाचलंय. तेही समुद्रकाठचंच गाव, तिथली लोखंडाची खाण बंद पडलेली, लोक रिकामे. १९७५ ला गावात मतदान घेतलं आणि गावाने हो म्हटलं. दोन भट्ट्या ऐंशीच्या दशकात आल्या आणि आजही चालतात. चीनमध्ये ताईशानला दोन ईपीआर २०१८-१९ पासून वीज देतायत. मग जमतच नाही असं कसं म्हणता?

खाडीपलीकडची

दादा, जमतच नाही असं मी म्हटलं नाही. आणि मुलांनी इथे राहावं हे तर मलाही मनापासून वाटतं, माझा भाऊही नवी मुंबईत आहे. ताईशान चालतंय हे बरोबर, जरी २०२१ ला पहिल्या भट्टीत इंधनाच्या कांड्या खराब होऊन ती वर्षभर बंद होती. तिथे ईडीएफचा ३० टक्के हिस्सा आहे, बांधकामाचा जोर चिन्यांचा, ज्यांनी मधली वर्षं बांधणं थांबवलंच नव्हतं.

पण फ्लामानव्हिलचं पुढचं पण वाचा ना. तिथेच तिसरी भट्टी, ईपीआर, ईडीएफने स्वतःच्या देशात, स्वतःच्या माणसांनी बांधायला घेतली डिसेंबर २००७ ला. सांगितलं होतं २०१२, खर्च ३.३ अब्ज युरो. ग्रिडला जोडली २१ डिसेंबर २०२४ ला, आणि कंपनीचा स्वतःचा आकडा १३.२ अब्ज. मध्येच कळलं की भट्टीच्या झाकणाच्या पोलादात कार्बन प्रमाणाबाहेर आहे, मग सुरक्षा नियामकाने सांगितलं की आता चालवा पण झाकण बदलायचं. मग वेल्डिंग नापास झालं, ते परत केलं. मला त्यांच्या नियामकाचं कौतुक वाटतं, सरकारी कंपनी असूनही त्याने हात धरला. आपल्याकडे तो हात धरणारा कोण असेल, त्याला किती मोकळीक असेल, हा प्रश्न मला किमतीपेक्षा मोठा वाटतो.

किमतीचं पण सांगते. इंग्लंडमध्ये हिंकली पॉइंटला ईडीएफ दोन ईपीआर बांधतेय, तिथे ती मालक आहे, म्हणून जोखमीचा दाम तिने आधीच मागून घेतला, मेगावॅट-तासाला ९२.५० पौंड, तोही २०१२ च्या भावाने, वर महागाई, ३५ वर्षांची हमी. म्हणजे युनिटला सव्वानऊ पेन्स. तरीही खर्च इतका वाढला की पुढच्या साइझवेल प्रकल्पात तिने फक्त १२.५ टक्के हिस्सा ठेवला, मोठा वाटा ब्रिटिश सरकारने घेतला. दिशा दिसते ना? पैसा लावायला मागे, तंत्रज्ञान विकायला पुढे. २०२४ मध्ये तर अमेरिकन जनरल इलेक्ट्रिककडून अणुकेंद्रांच्या टर्बाइनचा धंदा पण विकत घेतला, म्हणजे भट्टीपासून टर्बाइनपर्यंत सगळं तिच्याच घरचं.

आपल्याकडे सहा भट्ट्या, सुरुवातीला ९,९०० मेगावॅट म्हणत होते, नंतर सरकारी उत्तरांत १०,३८० आलं. जगात एका जागी सहा ईपीआर कुठेच नाहीत. नोकऱ्यांचं म्हणाल तर बांधकाम चालू असताना हजारो हात लागतात, फ्लामानव्हिललाही लागले, पण भट्टी चालू झाल्यावर लागतात ते शिकलेले टेक्निशियन, वेल्डर, फिटर. तुमच्या मुलांच्या जागी मी असते तर राजापूर-रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये कुठले ट्रेड येणार आणि कधी येणार हे लेखी मागितलं असतं. ते देणंही ईडीएफच्या हातात नाही, एनपीसीआयएल आणि राज्य सरकारच्या हातात आहे.

निवृत्त_वायरमन

ताई, हिंकलीचा आकडा लिहून घेतला. आमच्या वेळी एन्रॉनचा करार लोकांना वाचायला मिळायलाच किती धडपड करावी लागली, पुण्याच्या प्रयास गटाने आकडेमोड करून दाखवली तेव्हा आम्हा बोर्डातल्या लोकांना पण पहिल्यांदा कळलं आपण काय भरतोय ते. तुम्ही इथे लिहिलंत ते एका कागदावर लिहून द्याल का? कोणाला काय विचारायचं एवढंच. ईडीएफला काय, एनपीसीआयएलला काय, राज्याला काय.

रापणकर_गिर्ये

मला पण हवा तो कागद. आमच्या सोसायटीच्या बैठकीत वाचतो. जेलीफिशचं नक्की लिहा, ते आमच्या माणसांना लगेच कळेल.

कलमांची_बाग

आयटीआयचं पण लिहा ताई. मिठगवाण्यात ग्रामसभेला मी स्वतः मांडतो.

खाडीपलीकडची

लिहिते. या शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येतेय, रविवारी दुपारनंतर पडवीत असेन. रापणकर दादा, तुम्ही येताना तुमच्याकडे पाण्याचं तापमान कोणी कधी मोजलं असेल, कॉलेजच्या मुलांनी, मत्स्य खात्याने, कोणीही, तर त्या नोंदी घेऊन या. भट्टी यायच्या आधीचा आकडा आपल्याकडे असायला हवा.